साठातली उरलेली पाच युनिटं: ट्रान्सफरची असोसिएट डिग्री कशी आखावी?

गणिताचा_मास्तर (धागालेखक)

नमस्कार मंडळी. कॅलिफोर्नियात, बे एरियातल्या एका कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणारं कॉलेज) गणित शिकवतो. गेल्या वर्षी अभ्यासक्रम समितीवर बिनविरोध निवडून आलो, म्हणजे बाकी कुणी हात वर केला नाही. आता कंप्युटर सायन्सच्या ट्रान्सफर डिग्रीची फेरआखणी आमच्या गळ्यात आली आहे, आणि इथे स्वतः ट्रान्सफर झालेले किंवा मुलांना करवलेले बरेच जण आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे. म्हणून हा खटाटोप.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅलिफोर्नियात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. १९६० च्या मास्टर प्लॅनपासून कल्पना अशी की ज्याला शिकायचंय त्याला इथे दार उघडं, पहिली दोन वर्षं स्वस्तात करा आणि तिसऱ्या वर्षी युनिव्हर्सिटीत जा. कागदावर झकास. प्रत्यक्षात प्रत्येक कॉलेजाचे कोर्स वेगळे, प्रत्येक युनिव्हर्सिटीच्या मागण्या वेगळ्या, आणि पोरं मध्ये लोंबकळत. म्हणून २०१० मध्ये एसबी १४४० हा कायदा आला आणि 'असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर', म्हणजे एडीटी, सुरू झाली. ६० सेमिस्टर युनिटं, म्हणजे क्रेडिटं, पूर्ण करा, कॉलेजाने त्यावर स्वतःच्या जास्तीच्या अटी लादायच्या नाहीत, आणि कॅल स्टेटने (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) तिसऱ्या वर्षाला प्रवेश द्यायचा, उरलेली पदवी आणखी ६० युनिटांत. हमी सिस्टीममधल्या प्रवेशाची आहे, हव्या त्या कॅम्पसची नाही, हे मात्र पालकांना सहसा अर्ज भरल्यावर कळतं.

आता गणित बघा. नवीन सामाईक जनरल एज्युकेशन (कॅल-जीईटीसी), म्हणजे सगळ्यांना लागणारे सर्वसाधारण विषय, थोडक्यात जीई: ११ कोर्स, ३४ युनिटं. कंप्युटर सायन्सचा राज्यपातळीवरचा साचा सुमारे २८ युनिटांचा: प्रोग्रॅमिंग, डेटा स्ट्रक्चर्स, आर्किटेक्चर, डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, कॅल्क्युलस १ आणि २, आणि सायन्सचे दोन कोर्स. बेरीज ६२. कॅल्क्युलस आणि फिजिक्स दोन्हीकडे मोजता येतात, साधारण ७ युनिटं वाचतात. राहिली ५५. म्हणजे साठातली ५ युनिटं मोकळी.

सगळी भांडणं या पाच युनिटांवर आहेत. लिनियर अल्जेब्रा राज्याच्या साच्यात नाही, पण पुढे बऱ्याच ठिकाणी मागतात. कॅल्क्युलस ३ चंही तेच. आमच्यातले एक ज्येष्ठ म्हणतात विद्यार्थ्याला हवं ते घेऊ द्या, सिरॅमिक्स घेऊ दे. मला सिरॅमिक्सबद्दल आदर आहे. पण...

तिसऱ्या वर्षात गेल्यावर तुमचं किंवा तुमच्या मुलांचं नेमकं कशावाचून अडलं, ते सांगाल का?

फ्रीमाँटची_आई

मास्तर, अगदी जखमेवर बोट ठेवलंत. आमच्या मुलाला पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एकच सांगितलं, "आधी जीई उरकून टाक." काउन्सेलरने सांगितलं, मंडळातल्या काकूंनी सांगितलं, मीही सांगितलं. त्याने पहिल्या वर्षी इंग्लिश, हिस्टरी, एथ्निक स्टडीज, आर्ट असं सगळं घेतलं. ग्रेड छान, आम्ही खूश. दुसऱ्या वर्षी गणिताकडे वळला तर सुरुवातच प्रीकॅल्क्युलसपासून. वर्षअखेरीस कॅल्क १ झालं होतं. कंप्युटर सायन्सच्या डिग्रीला ते कुठे पुरणार?

तिसरं वर्ष तिथेच काढलं. त्या वर्षी एका सेमिस्टरला त्याच्याकडे कॅल्क २, फिजिक्स, डेटा स्ट्रक्चर्स आणि डिस्क्रीट एकदम होते, आणि मधे हलका असा एकही विषय नाही, कारण हलके सगळे आधीच संपवलेले! पोहे आधी खाऊन टाकले आणि मग नुसता चहा पीत बसला, असं झालं.

गणिताचा_मास्तर

ताई, पोह्यांचं उदाहरण उद्याच्या मीटिंगमध्ये वापरतो, परवानगी असावी.

विनोद सोडा, पण आखणीतला मुख्य दोष हाच आहे. डिग्रीची यादी आपण छापतो ती कोर्सांची, क्रमाची नाही. यादी वाचून माणूस सोपं आधी उचलतो. सेमिस्टर चारच. डेटा स्ट्रक्चर्सच्या आधी प्रोग्रॅमिंग, फिजिक्सच्या आधी किंवा सोबत कॅल्क १, कॅल्क ३ च्या आधी २. हे उलटं मोजत आलं की दिसतं की पहिल्याच सेमिस्टरला कॅल्क १ पाहिजे. प्रीकॅल्कपासून सुरुवात केली की गाडी स्टेशनातच एक सेमिस्टर लेट.

सातारचा_कंदी

इतका द्राविडी प्राणायाम कशाला? पोरगं हुशार असेल तर सरळ चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीत घालावं. हुशार नसेल तर कुठल्याही डिग्रीने काय फरक पडतो?

दुसऱ्या_दारातून

कंदीराव, मी त्या "हुशार नसलेल्यां"तला. घरची परिस्थिती अशी की बाबांची नोकरी गेली होती आणि चार वर्षांची फी हा विषयच नव्हता. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशांना कम्युनिटी कॉलेजात युनिटला ४६ डॉलर पडतात, २०१२ पासून तोच दर आहे. साठ युनिटं म्हणजे २७६० डॉलर. युनिव्हर्सिटीत तेवढ्यात एक क्वार्टरही निघत नाही. कॅल्क्युलसच्या वर्गात आम्ही तीस-पस्तीस जण, मास्तर नावाने ओळखायचे. पुढे यूसीला (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) गेलो तर चारशे जणांच्या हॉलमध्ये प्राध्यापक ठिपक्याएवढे दिसायचे. तेव्हा कळलं की पाया कुठे नीट घातला गेला.

मास्तर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: माझं लिनियर अल्जेब्रावाचून अडलं. मशीन लर्निंगचा कोर्स तिसऱ्या वर्षी घ्यायचा होता, लिनियर अल्जेब्रा नव्हता म्हणून चौथ्यावर ढकलला आणि त्यामागचे दोन हुकलेच. दुसरं म्हणजे भाषा. आमच्याकडे डेटा स्ट्रक्चर्स जावामध्ये, तिकडे सगळं सी++ गृहीत. पॉइंटर म्हणजे काय हे मी शनिवार-रविवारी लायब्ररीत बसून शिकलो. क्रेडिट पूर्ण मिळालं होतं हो, एकही युनिट वाया गेलं नाही. तरी अडलो.

गणिताचा_मास्तर

तुमचं शेवटचं वाक्य लिहून ठेवलंय. समितीत आम्ही तासन् तास "क्रेडिट मिळतं का" एवढंच बोलतो. युनिटं पलीकडे पोचली पण तयारी पोचली नाही, असंही होतं.

पॉलिटेक्निकवाली

इकडे पश्चिम महाराष्ट्रातून लिहितेय. डिप्लोमाला शिकवते. वाचताना सारखं वाटत होतं की अरे, ही तर आमच्या डायरेक्ट सेकंड इयरची गोष्ट!

दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा, मग इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. वर्कशॉपमध्ये, ड्रॉइंगमध्ये, मशीनवर आमची मुलं बारावीवाल्यांच्या पुढे असतात. आणि तिसऱ्या सेमिस्टरला एम-थ्रीचा, म्हणजे गणित-३ चा, पेपर आला की धडाधड केटी. कारण बारावीवाल्यांनी पहिल्या वर्षी एम-वन, एम-टू केलेलं असतं आणि आमच्या मुलांनी डिप्लोमाचं गणित, तेही पहिल्या वर्षात, म्हणजे दोन वर्षांपूर्वी. विसरलेलं असतं. लाप्लास ट्रान्सफॉर्मच्या आधी जे इंटिग्रेशन हातात बसलेलं हवं, ते बसलेलंच नसतं.

नियमाने ती मुलं प्रवेशाला पात्रच असतात, सगळी कागदपत्रं चोख असतात. ट्रान्सफर "होतं". आम्ही शेवटच्या सेमिस्टरला शनिवारी गणिताचा एक जादा तास सुरू केला, सिलॅबसमध्ये नसलेला, गुण नसलेला. पहिल्या वर्षी नऊ मुलं बसायची. आता वर्ग भरतो, कारण सीनियर फोन करून सांगतात, "तो शनिवार बुडवू नको."

म्हणून माझं मत: शेवटचं सेमिस्टर गणिताशिवाय कोरडं जाऊ देऊ नका. कुठलं गणित हा नंतरचा प्रश्न.

दुसऱ्या_दारातून

+१. शेवटच्या सेमिस्टरला माझ्याकडे गणित नव्हतं. मग उन्हाळा. आठ महिने गॅप.

खिडकी_क्रमांक_४

मी एका ट्रान्सफर सेंटरमध्ये काउन्सेलर आहे (मास्तरांचं कॉलेज नव्हे). वर काउन्सेलरांना जे फटके बसले ते मान्य, पण आमची बाजूही ऐका. एकेका काउन्सेलरमागे शेकडो विद्यार्थी, भेट अर्ध्या तासाची. मुलगा म्हणतो, "मेजर ठरलं नाही." मग त्याला कुठेही चालेल असं काय सांगणार? जीई. ही सवय तिथून लागते. ज्याचं ठरलंय त्यालाही मग तेच सांगितलं जातं, हा आमचा दोष.

थोडे खुलासे, कारण इथे काही गोष्टींची सरमिसळ होतेय.

एडीटीची हमी कॅल स्टेटची. यूसीची गोष्ट निराळी. तिथे टॅग नावाची वेगळी हमी आहे, सहा कॅम्पसची: डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ. बर्कली, यूसीएलए आणि सॅन डिएगो त्यात नाहीत. टॅगचे अर्ज ३० सप्टेंबरपर्यंत, म्हणजे दुसरं वर्ष सुरू होऊन महिना झाला की लगेच. आणि जिथे झुंबड असते असे काही विषय काही कॅम्पस टॅगमधून वगळतात, कंप्युटर सायन्स त्यात हटकून येतो. तेव्हा ज्याचा डोळा यूसीवर आहे त्याने एडीटीच्या यादीवर विसंबून चालत नाही, असिस्ट या राज्याच्या वेबसाइटवर आपलं कॉलेज, ते कॅम्पस आणि तो विषय टाकून कोणता कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ते बघावंच लागतं.

इंजिनिअरिंगवाल्यांचं तर आणखी अवघड. गणित, फिजिक्स, केमिस्ट्री, सर्किट्स, स्टॅटिक्स हे सगळं आणि संपूर्ण जीई मिळून साठात बसत नाही. त्यांना आम्ही सरळ सांगतो की मेजरची तयारी आधी, थोडं जीई तिकडे गेल्यावर करा.

आणि मास्तर, पाच युनिटांचीच चौकट धरून बसू नका. २०२१ च्या एबी ९२८ या कायद्यात सायन्स-इंजिनिअरिंगच्या एडीटीला ६६ युनिटांपर्यंत जाण्याची वाट ठेवलीय, मात्र त्यासाठी कारण पटवून द्यावं लागतं.

गणिताचा_मास्तर

६६ ची वाट माहीत आहे, पण मला तिची भीती वाटते. सहा युनिटं म्हणजे दोन कोर्स. दिवसा काम करून संध्याकाळी शिकणाऱ्या पोराला तो एक आख्खा सेमिस्टर आहे. आमच्याकडे निम्मे तरी असे असतील. १५ युनिटं दर सेमिस्टरला घेणारा आदर्श विद्यार्थी आमच्या माहितीपत्रकात राहतो, वर्गात क्वचित येतो.

एडिसनकर

न्यू जर्सीतून दोन शब्द. आमच्याकडे कायदा २००७ चा. एए (असोसिएट इन आर्ट्स) किंवा एएस (असोसिएट इन सायन्स) डिग्री पूर्ण केली की राज्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीने ती पहिली दोन वर्षं म्हणून धरायची. पण तिसरी एक डिग्री असते, एएएस. मधला तो जादाचा 'ए' म्हणजे अप्लाइड. ती नोकरीसाठी असते, या करारात ती येत नाही. माझ्या भाच्याने नेमकी तीच घेतली, कारण नाव भारदस्त होतं आणि कोर्स "प्रॅक्टिकल" होते. राज्यातल्या एका युनिव्हर्सिटीने जवळजवळ अर्धी क्रेडिटं "फ्री इलेक्टिव्ह" म्हणून घेतली. म्हणजे घेतली, पण कुठे लागू पडत नाहीत. लग्नाच्या आहेरातल्या लेमन सेटसारखं. आहे घरात.

तेव्हा मास्तर, डिग्रीचं नाव ठेवताना पालकांचाही विचार करा. एका अक्षराने दीड वर्ष गेलं.

सातारचा_कंदी

लेमन सेट! आमच्याकडे चार आहेत.

बरं, माझा आधीचा प्रतिसाद जरा फटकळ झाला, मागे घेतो. पण एक प्रामाणिक शंका. सगळ्या राज्याला एकच अभ्यासक्रम, एकच कोर्स नंबर का नाही देत? आपल्याकडे बोर्डाचं पुस्तक सगळीकडे एकच असतं.

खिडकी_क्रमांक_४

देतायत हळूहळू. एबी ११११ नावाचा कायदा आहे, २०२१ चाच. २०२५ च्या फॉलपासून पहिले सहा कोर्स सगळीकडे एकाच नंबराने सुरू झाले, उदाहरणार्थ स्टॅटिस्टिक्स आता सगळीकडे 'स्टॅट सी१०००'. फ्लोरिडात हे फार आधीपासून आहे. तिथे १९७१ चा राज्यव्यापी करार आहे, एए पूर्ण केली की राज्याच्या एखाद्या युनिव्हर्सिटीत वरच्या वर्गात जागा पक्की, आणि कोर्स नंबरही राज्यभर समान. ते त्याला टू-प्लस-टू म्हणतात. पण तिथेही हव्या त्या युनिव्हर्सिटीची किंवा मर्यादित जागांच्या विषयाची खात्री नाही.

गणिताचा_मास्तर

कंदीराव, प्रश्न चांगला विचारलात. माझं यावर दुहेरी मत आहे. समान नंबर हवाच. पण तो ठरवताना दोन्हीकडचे शिक्षक एका टेबलावर बसले पाहिजेत, नाहीतर नंबर एक आणि आत माल वेगळा. पोळीभाजी केंद्रांच्या पाट्या सारख्या असतात, भाजी चाखल्यावर कळतं.

या सेमिस्टरला मी एक उद्योग केला. जवळच्या स्टेट युनिव्हर्सिटीत, जिथे आमची बहुतेक मुलं जातात, तिथल्या एका प्राध्यापिकेला ईमेल लिहिला: तुमच्या तिसऱ्या वर्षाच्या अल्गोरिदमच्या कोर्सची पहिली चाचणी मला पाठवाल का? सिलॅबस नको, पेपर हवा. त्यांनी तीन वर्षांचे तीन पाठवले, वर फोनही केला. मी ते पेपर आमच्या डेटा स्ट्रक्चर्स पूर्ण केलेल्या मुलांसमोर ठेवले, गुणांशिवाय, पिझ्झाच्या बदल्यात.

कोड लिहायला बहुतेकांना जमलं. अडले ते "सिद्ध करा" या शब्दावर. इंडक्शनने सिद्धता लिहिणं. डिस्क्रीटमध्ये आम्ही ते शिकवतो, पण एकच आठवडा, आणि परीक्षेत सोपं गणित घालतो कारण पेपर तपासायला वेळ लागतो. (हो, मीच.) म्हणजे पाच युनिटांवर आम्ही महिनाभर भांडत होतो आणि भोक आधीच मोजलेल्या अठ्ठावीस युनिटांत होतं.

पॉलिटेक्निकवाली

पेपर मागवण्याची कल्पना चोरतेय. आमच्या गावापासून इंजिनिअरिंग कॉलेज चौदा किलोमीटरवर आहे आणि इतक्या वर्षांत आम्ही कधी एम-थ्रीच्या मॅडमना भेटलो नाही.

फ्रीमाँटची_आई

एक राहिलंच. वेळापत्रक! डिग्री कितीही सुंदर आखा, कोर्स लागला तर उपयोग. मुलाच्या कॉलेजात कॅल्क ३ फक्त स्प्रिंगला आणि तोही सकाळी साडेनऊला. त्याची नोकरी दुपारी दोनपर्यंत. एका सेमिस्टरला लिनियर अल्जेब्राला नाव नोंदवलं तर विद्यार्थी कमी म्हणून वर्ग सुरू होण्याच्या आठवडाभर आधी रद्द. मग तो शेजारच्या डिस्ट्रिक्टच्या कॉलेजात, ट्रॅफिकमधून पन्नास मिनिटं. माहितीपत्रकात मात्र "दोन वर्षांत पूर्ण" असं ठळक अक्षरात.

विसाची_चिंता

जरा अवांतर. मुलगी एच-४ वर (आईवडिलांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा) आहे, अठरा पूर्ण. कम्युनिटी कॉलेज दोनाऐवजी तीन वर्षं लागलं तर २१ ला एच-४ संपतो. कुणाचा अनुभव?

खिडकी_क्रमांक_४

अवांतर मुळीच नाही. एच-४ वर असताना कॅलिफोर्नियात फीसाठी रेसिडेन्सी, म्हणजे रहिवाशाचा दर्जा, मिळू शकते, एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) झाल्यावर ती वाट बंद होते. म्हणजे तुमच्या मुलीच्या बाबतीत एक घसरलेलं सेमिस्टर हे थेट फीच्या आकड्यात दिसेल. पहिल्याच भेटीत काउन्सेलरला वयासकट सांगा आणि चारही सेमिस्टरचा लेखी आराखडा घ्या. आणि वकिलाशी बोला, व्हिसाबद्दल आमच्यासारख्यांवर विसंबू नका.

गणिताचा_मास्तर

काल मीटिंग झाली. पोह्यांना दाद मिळाली, ज्येष्ठांना पोहे म्हणजे काय ते समजावण्यात चार मिनिटं गेली.

ठरलं ते असं. यादी छापायची नाही, चार सेमिस्टरचा तक्ता छापायचा, आणि शेजारी संध्याकाळी शिकणाऱ्यांसाठी सहा सेमिस्टरचा. दोन्हींत पहिल्या सेमिस्टरपासून गणित, आणि प्रत्येक सेमिस्टरला किमान एक जीई राखून ठेवलेला. प्रीकॅल्कचा घोळ सुटलेला नाही. एबी १७०५ या कायद्यामुळे सायन्सच्या मुलांना थेट कॅल्क्युलसलाच बसवायचं आहे, सोबत मदतीचा जोडकोर्स देऊन. माझ्या वर्गात त्यातली काही तरली आणि काही गटांगळ्या खाताना मी पाहिली. त्या जोडकोर्सची युनिटं साठात कुठे बसवायची हे कुणी सांगत नाही. यावर वेगळा धागा काढतो.

डिस्क्रीटमध्ये सिद्धता एक आठवड्याऐवजी चार आठवडे. पेपर मीच तपासणार, कबूल करून बसलोय. डेटा स्ट्रक्चर्स सी++ मध्ये.

पाच युनिटं: लिनियर अल्जेब्रा, चौथ्या सेमिस्टरला. सक्ती करता येत नाही, म्हणून तक्त्यात त्या चौकोनात दुसरं काही लिहिलेलंच नाही. सिरॅमिक्स जीईच्या आर्ट्सच्या खणात बसतंय का ते ज्येष्ठ स्वतः तपासणार आहेत.

डीनबाई एकच म्हणाल्या: लिनियर अल्जेब्राला वीस मुलं आली नाहीत तर वर्ग रद्द. संध्याकाळचा वर्ग लावलाय, सहा वाजता. आज सकाळपर्यंत चौदा नावं आहेत.

फ्रीमाँटची_आई

कुठलं कॉलेज ते व्यनि करा. आमच्या धाकटीसह पंधरा.

विसाची_चिंता

मलाही व्यनि.